पोकळ ब्लॉकची भिंत उन्हाळ्यात थंड कशी ठेवायची

"होलो ब्लॉक घ्या, आत हवा असते, घर थंड राहतं." विदर्भात घर बांधायला काढलेल्या माणसाला हे वाक्य कोणी ना कोणी ऐकवतंच. ब्लॉकवाला सांगतो, ठेकेदार सांगतो, शेजारी सांगतो. मी वर्ध्यात छोट्या घरांच्या बांधकामावर देखरेख करते. माझ्याकडे येणाऱ्या घरमालकांना मी एवढंच सांगते की मे महिन्यात रात्री नऊ-दहा वाजता ओळखीच्या कुणाच्या तरी पश्चिमेच्या खोलीत जा आणि भिंतीला तळहात लावा. आठ इंची पोकळ ब्लॉक, बाहेरून गडद रंग, समोर झाड नाही की शेड नाही, अशी भिंत असेल तर त्या वेळीही ती अंगावर झळ टाकत असते. कूलर पूर्ण जोरात चालू असला तरी. त्या खोलीत बहुधा आजी झोपलेल्या असतात नाहीतर लहान मुलं, म्हणून मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो.

पोकळ ब्लॉक वाईट नाही. मसाला कमी लागतो, काम भरभर उठतं, बीम-कॉलमवरचं वजन कमी होतं. पण थंडावा ब्लॉकच्या भोकातून मिळत नाही. तो मिळतो भिंतीच्या बाहेरच्या अंगाला आपण काय करतो त्यातून. पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, ते या क्रमाने ठरवा.

आधी यू-व्हॅल्यू समजून घ्या

भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून जितके वॅट उष्णता जाते, तिला यू-व्हॅल्यू म्हणतात. आकडा जितका लहान, तितकी भिंत चांगली. दोन्ही बाजूंनी प्लास्टर धरून ढोबळ हिशेब असा येतो: सहा इंची सॉलिड काँक्रीट ब्लॉकची भिंत सुमारे ३, आठ इंची पोकळ ब्लॉकची २.४ च्या आसपास, आपली जुनी नऊ इंची विटांची भिंत सुमारे २, आणि आठ इंची एएसी ब्लॉकची (आत बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचा ब्लॉक) ०.७५.

म्हणजे आठ इंची पोकळ ब्लॉक सहा इंची सॉलिडपेक्षा चांगला, पण नऊ इंची विटेपेक्षा थोडा कमीच. "विटेपेक्षा थंड" हे कुणी सांगितलं तर पहिला प्रश्न विचारा, किती इंची विटेपेक्षा? साडेचार इंची विटेच्या भिंतीशी तुलना करून जिंकणं सोपं आहे.

आता आत हवा असूनही असं का होतं? स्थिर हवा उष्णता फार कमी वाहते हे खरं. पण आठ इंची ब्लॉकमधलं भोक बारा सेंटीमीटर रुंद असतं, आणि त्यातली हवा स्थिर राहत नाही. उन्हाकडच्या बाजूला ती तापून वर चढते, आतल्या बाजूला थंड होऊन खाली येते, आणि अशी फिरत उष्णता या भिंतीवरून त्या भिंतीवर नेते. शिवाय भोकाचा तापलेला अंग समोरच्या अंगाकडे उष्णतेचे किरण फेकतो. त्याला हवा लागतच नाही, आणि पोकळीतून पलीकडे जाणाऱ्या उष्णतेतला मोठा वाटा याच किरणांचा असतो. म्हणून पोकळी अडीच सेंटीमीटरच्या पुढे कितीही रुंद केली तरी तिचा उष्णतेला होणारा अडथळा जवळपास तेवढाच राहतो. बारा सेंटीमीटरचं भोक अडीच सेंटीमीटरच्या भोकापेक्षा पाचपट चांगलं, असं गणित इथे चालत नाही.

दुसरी गोष्ट ब्लॉक फोडून बघा म्हणजे दिसेल. दोन भोकांच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना काँक्रीटच्या आडव्या भिंती असतात. आम्ही त्यांना पडदे म्हणतो. ब्लॉकच्या लांबीत त्यांची जाडी मोजली तर जवळपास चौथा हिस्सा भरतो. बाहेरचं ऊन या पडद्यांतून सरळ आत येतं, मध्ये हवा नाहीच. भोकाचं तुम्ही काहीही करा, पडदे तसेच राहतात. पुढे भोकात थर्माकोल भरण्याचा विषय येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

ब्लॉक घेताना

कारखान्यात जाताना टेप आणि वजनकाटा बरोबर न्या. काँक्रीट ब्लॉकचं भारतीय मानक आयएस २१८५, त्याप्रमाणे आठ इंची ब्लॉकचं नाममात्र माप ४०० × २०० × २०० मिलिमीटर असतं, प्रत्यक्षात तो ३९० × १९० × १९० भरतो. दहा मिलिमीटर सांध्याला सोडलेले असतात. ए ग्रेडच्या पोकळ ब्लॉकची घनता भोकांसकट १५०० किलो प्रति घनमीटरपेक्षा कमी नसावी, म्हणजे या मापाचा ब्लॉक २१ किलोच्या आसपास यायला हवा. भार पेलणाऱ्या भिंतीला ए ग्रेड घ्या. आरसीसी फ्रेमच्या घरात भिंत फक्त भरावाची असते, तिथे हलका ब्लॉक चालतो, आणि हलका ब्लॉक उष्णताही कमी वाहतो. ग्रेड मात्र इंजिनिअरला विचारूनच ठरवा, वजन बघून नाही.

हलका ब्लॉक म्हणजे कोणता, हे जरा खोलात जाऊन विचारा. आमच्या भागात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथल्या वीज केंद्रांची राख भरपूर मिळते, त्यामुळे जो तो ब्लॉक "फ्लाय ॲशचा" म्हणून विकला जातो. सिमेंटच्या थोड्या भागाऐवजी बारीक उडती राख घातली तर ब्लॉक पर्यावरणाला बरा, पण थंडाव्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो गिट्टी आणि चुरीच्या जागी भट्टीच्या तळाची जाडी, सच्छिद्र राख वापरली तर. कारण मग काँक्रीटच आतून हलकं होतं आणि पडद्यांतून जाणारी उष्णताही घटते. कारखान्यात ढिगाकडे बोट दाखवून विचारा, "भाऊ, यात जाडी राख टाकता की फक्त उडती?" उत्तरावरून माल कळतो.

भोकांची रचनाही बघा. जाडीच्या दिशेने भोकांच्या दोन अरुंद रांगा, त्याही एकमेकींना तिरक्या, असा ब्लॉक मिळाला तर तोच घ्या. उष्णतेला दोन पोकळ्या ओलांडाव्या लागतात आणि पडद्यांतून सरळ वाटही मिळत नाही. असे ब्लॉक सगळीकडे मिळत नाहीत. नेहमीचा दोन मोठ्या भोकांचा घ्यायचा असेल तर एका बाजूने तळ बंद असलेला बघा. त्याचं कारण पुढच्या भागात आहे.

आणि चार इंची ब्लॉक पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला कधीच नको. आतल्या पार्टिशनला ठीक आहे.

ब्लॉक किती दिवसांचा आहे हेही विचारा. पाण्यावर निदान १४ दिवस आणि नंतर सावलीत चार आठवडे सुकणं हा नियम पाळलेला कारखाना निवडा. कच्चा, ओला ब्लॉक भिंतीत गेला की तो तिथे सुकतो, आकसतो, प्लास्टरला तडे जातात. तड्यातून पावसाळ्यात पाणी भोकात उतरतं. पाणी उष्णता हवेच्या वीसपटीहून जास्त वाहतं, त्यामुळे ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा कायम वाईट चालते.

भिंत उचलताना

मिस्त्री लोकांना विटा भिजवायची सवय असते. काँक्रीट ब्लॉक मात्र भिजवायचे नसतात. फार ऊन असेल तर लावायच्या बाजूवर नुसता पाण्याचा हात फिरवायचा. पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवा, नाहीतर सकाळी साइटवर जाल तर सगळा ढीग पाइप लावून भिजवलेला असतो.

तळ बंद असलेला ब्लॉक बंद बाजू वर करून बसवायचा. एक तर मसाला भोकात पडत नाही, वरच्या थराला बैठक मिळते. दुसरं म्हणजे प्रत्येक थराचं भोक वेगळं राहतं. दोन्ही बाजूंनी उघडे ब्लॉक एकावर एक आले की जोत्यापासून बीमपर्यंत भोकांची सलग नळी तयार होते आणि तिच्यात गरम हवा धुराड्यासारखी वर-खाली फिरते. उघडे ब्लॉकच मिळाले तर निदान दर तीन-चार थरांनंतर आणि बीमच्या खालचा शेवटचा थर सॉलिड ब्लॉकचा घ्या. खिडकीच्या खालच्या थरालाही हेच करा.

मसाला लावताना पूर्ण तळभर पसरण्याऐवजी ब्लॉकच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेवर, दोन पट्ट्यांत लावला तर मधल्या पडद्यांवर मसाला जात नाही आणि तेवढी उष्णतेची वाट कमी होते. भरावाच्या भिंतीला हे चालतं. कोपरा, खांब आणि भार येणारी जागा सोडून. उभे सांधे मात्र दोन्ही कडांना नीट भरलेले हवेत. दुपारी दोनला भिंतीच्या आतल्या बाजूला उभं राहून एखाद्या सांध्यातून उजेड दिसतो का ते बघा. उजेड दिसला तर उन्हाळ्यात त्यातून झळही येणार.

आता एक बारीक पण फार उपयोगाची गोष्ट. इलेक्ट्रिशियन पाइपसाठी झिरी पाडतो, बोर्डाच्या डब्यासाठी खड्डा करतो, आणि ब्लॉकच्या आतल्या अंगाचं कवच फुटून सरळ भोक उघडं पडतं. बहुतेक घरांत डबा बसवून तसंच सोडतात. मेच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या कडेशी बोट धरून बघा, गरम वारा लागतो. तो भोकातून येतो. डबा बसवायच्या आधी मागचं भोक मसाल्याने किंवा विटेच्या तुकड्याने बंद करायचं, आणि पाइप डब्यात जिथे शिरतो तिथे सीलंट लावायचं. काम पाच मिनिटांचं आहे, पण प्लास्टरच्या आधी कुणी बघितलं नाही तर नंतर ते कायमचं राहून जातं. मी प्लास्टर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीत टॉर्च घेऊन सगळे डबे बघते.

बाहेरचं अंग: भिंतीवरचे पैसे सगळ्यात आधी इथे घाला

आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. म्हणून उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन जवळजवळ पडत नाही. दीड-दोन फुटांचा छज्जा असला तर मुळीच नाही. छळतात त्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंती, आणि त्यातही पश्चिमेची, कारण तिच्यावर ऊन पडतं तेव्हा हवाही दिवसातली सगळ्यात तापलेली असते. उत्तर आणि दक्षिणेला नेहमीचाच ब्लॉक वापरा, तिथे जास्तीचा खर्च करू नका. सगळा जीव पश्चिमेला लावा.

दुपारी चार-साडेचारला बाहेर ४४ अंश असताना गडद रंगाच्या पश्चिमेच्या भिंतीला जी उष्णता लागते ती ६५ अंशांच्या हवेत उभं असल्यासारखी असते. तीच भिंत पांढऱ्याशुभ्र चुन्याची असेल तर ५३ च्या आसपास. खोलीत ३२ अंश धरले तर गडद भिंतीसाठी फरक ३३ चा, पांढरीसाठी २१ चा. म्हणजे तोच ब्लॉक, तीच जाडी, आणि आत येणारी उष्णता नुसत्या रंगाने तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली. इतक्या स्वस्तात इतका फायदा देणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. तरी लोक पश्चिमेला टेराकोटा, चॉकलेटी, गर्द करडा रंग निवडतात, कारण तो दर्शनी भाग असतो. रस्त्याकडून शोभा हवी असेल तर खिडकीभोवती गडद पट्टा द्या, भिंत पांढरी ठेवा.

चुना लावायचा तर कळीचा चुना रात्रभर विरवून, कापडातून गाळून, थोडा फेविकॉल घालून तीन हात द्या. विरवताना तो उकळतो. डोळ्यांना चष्मा, हाताला मोजे, आणि लहान मुलं लांब. तयार उष्णता परावर्तक पेंट जास्त टिकतो, महाग पडतो. दोन्हींचं काम पांढरेपणावर चालतं, त्यामुळे धूळ धुणं आलंच.

रंगापेक्षाही चांगली सावली. पश्चिमेला छज्ज्याचा फारसा उपयोग नाही, कारण संध्याकाळचं ऊन आडवं येतं. तिथे उभी आडोशाची वस्तू लागते. भिंतीपासून दोन फुटांवर हेच पोकळ ब्लॉक आडवे, भोकं बाहेर-आत दिसतील असे रचून जाळी उभी करा: ऊन अडतं, वारा खेळतो, आणि मागची खरी भिंत हवेपेक्षा फारशी जास्त तापत नाही. जाळी फार उंच नेऊ नका, दर काही फुटांवर ती मागच्या भिंतीला किंवा खांबाला बांधून घ्या, आणि तिला आपला पाया द्या. मला ब्लॉकच्या भोकाचा हा सर्वांत चांगला उपयोग वाटतो. जागा असेल तर कडुनिंब लावा. नसेल तर गच्चीवरून हिरवी जाळी भिंतीपासून फूटभर लांब सोडा. वेल चढवायचा तर भिंतीवर नको, वेगळ्या तारांवर.

नकाशाच कागदावर असेल तर पश्चिमेला जिना, स्वच्छतागृह, कोठीची खोली ठेवा. सेवाग्रामची बापू कुटी बघून या: माती, बांबू, कौलं, आणि भोवती खाली उतरलेल्या छपराच्या ओसऱ्या. मुख्य भिंतीला ऊन शिवू द्यायचं नाही, ही सगळी रचनाच त्यासाठी आहे. आपण काँक्रीटमध्ये बांधतो म्हणून तो नियम बदलत नाही.

"मॅडम, भोकात थर्माकोल भरला तर?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर असं: फायदा होतो, पण वाटतो तेवढा नाही. नुसतं भोक बघितलं तर भरल्यावर त्या जागेची यू-व्हॅल्यू ०.४ च्या खाली येते. पण चौथा हिस्सा पडदे तसेच उघडे राहतात, आणि उष्णता तिकडून वळते. सगळी भिंत धरून हिशेब केला तर २.४ वरून साधारण १.३ ते १.६ पर्यंत येतो. नव्या भिंतीत, थर उचलता उचलता परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे) किंवा थर्माकोलचे मणी भरता येत असतील तर करा. बांधून झालेल्या भिंतीत ड्रिलने भोकं पाडून भरण्यात कुठल्या भोकात गेलं आणि कुठल्यात नाही हे कळत नाही. तिथे मी नको म्हणते. वाळू, मुरूम, माती तर मुळीच भरू नका. त्याने पोकळी जाऊन भिंत सॉलिडच्या जवळ जाते, वजन वाढतं ते वेगळं.

त्यापेक्षा तोच थर्माकोल भिंतीच्या बाहेरून सलग लावा. ५० मिलिमीटरचा थर बाहेरून लावला की २.४ ची भिंत ०.५५ च्या आसपास येते. पडदे, सांधे, कॉलम, बीम, सगळं एकाच पांघरुणाखाली जातं. २५ मिलिमीटरचा एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलच्याच जातीचा, जास्त घट्ट फोम) लावला तरी ०.८ च्या जवळ येतो. शिवाय ब्लॉकचं वजन आतल्या बाजूला राहतं, रात्री खिडक्या उघडून ते गार करून घेतलं की दुपारपर्यंत साथ देतं.

लावायची पद्धत अशी. आधी भिंतीला साधं प्लास्टर करून पाणी मारून सुकू द्या. थर्माकोल १५ ते २० किलो घनतेचा, आग लवकर न पकडणारा घ्या. पॅकिंगचा भुसभुशीत नको. चिकटवायला सिमेंटवर चालणारा पॉलिमर मसालाच वापरा. थिनरवर चालणारा गोंद थर्माकोल खाऊन टाकतो. पट्ट्यांचे उभे सांधे विटेसारखे अदलून-बदलून. मग प्रत्येक पट्टीला छत्रीसारख्या डोक्याचे प्लास्टिकचे अँकर. ड्रिल हातोड्याच्या मोडवर चालवू नका, नाहीतर ब्लॉकचं कवच आतून फुटून अँकर भोकात लटकत राहतो; नुसतं फिरवून भोक पाडा आणि पोकळ भिंतीसाठीचेच अँकर घ्या. त्यावर पॉलिमर मसाल्याचा पातळ थर, ओल्यातच काचेच्या धाग्याची जाळी दाबून, वरून दुसरा थर. जाळीच्या कडा एकमेकांवर चार इंच चढल्या पाहिजेत. खिडकीच्या चारही कोपऱ्यांना जाळीचा तिरका तुकडा जास्तीचा लावा, पहिला तडा तिथूनच जातो. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत थर्माकोल लावू नका. तिथे पावसाचे शिंतोडे, वाळवी आणि उंदीर. थर्माकोल कुठेही उघडा राहता कामा नये.

हे काम प्लंबिंगच्या पाइपांच्या आधी झालं पाहिजे. बाहेरून पाइप आधी बसले की त्यांच्या मागची पट्टी उघडीच राहते.

आतून थर्माकोल आणि जिप्सम बोर्ड लावायचा सल्लाही लोक देतात. ज्या खोलीत रात्री फक्त सहा-सात तास एसी चालतो तिथे तो चालतो, खोली पटकन गार होते. पण दिवसभर माणसं राहतात, कूलरवर काम चालतं आणि रात्री खिडक्या उघडतात, त्या घरात बाहेरचाच थर चांगला.

नवीन बांधकामात आणखी एक वाट आहे: फक्त पश्चिमेच्या भिंतीला चार इंची सॉलिडचे दोन पदर आणि मध्ये ४० मिलिमीटरचा थर्माकोल, दोन्ही पदर लोखंडी क्लिपांनी बांधलेले. यू-व्हॅल्यू ०.७ च्या आसपास येते, बाहेरून साधं प्लास्टर चालतं, पोरांच्या चेंडूची भीती नाही. किंवा पश्चिमेपुरते एएसी ब्लॉक. त्यात मात्र मधले कॉलम-बीम उठून दिसतात: पोकळ ब्लॉकच्या घरात कॉलम आणि भिंत जवळपास सारखीच उष्णता नेतात, पण ०.७५ च्या भिंतीत २.७ चा कॉलम मोठी गळती ठरतो. तिथे निदान कॉलमवर तरी बाहेरून इंचभर बोर्ड चढवा.

भिंतीच्या आधी छत आणि काच

एकमजली घर असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी छताकडे बघा. पाच इंची उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू ३ च्या वर असते आणि तिच्यावर दिवसभर ऊन. ऊर्जा बचतीचं काम बघणाऱ्या बीईई या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतासाठी १.२ ची मर्यादा होती. ती संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी होती, पण आकडा डोळ्यासमोर ठेवायला चांगला आहे. स्लॅबवर ५० मिलिमीटरचा बोर्ड, वर उताराचं काँक्रीट आणि पांढरी चायना मोझेक (टाइलच्या तुकड्यांचा थर), हे जमलं तर करा. नाही जमलं तर पांढरा चुना तरी मारा. तसंच पश्चिमेची चार बाय चारची उघडी काच एकटी, शंभर चौरस फूट गडद भिंतीच्या जवळपास जाईल इतकी उष्णता आत घेते. तिला बाहेरून चटई किंवा लाकडी झडप लावा. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर उशीर झालेला असतो.

फरक पडला का, हे मोजायचं कसं

इन्फ्रारेड थर्मामीटर ऑनलाइन सहज मिळतो. मेमध्ये रात्री नऊला पश्चिमेच्या भिंतीचं आतल्या अंगाचं तापमान घ्या. भिंतीच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उपकरण हातभर अंतरावर धरून. साध्या थर्मामीटरने खोलीच्या मध्याला हवेचं घ्या. दोन्हींतला फरक काढून त्याला ८ ने गुणा: दर चौरस मीटरला साधारण तेवढे वॅट भिंत खोलीत टाकत असते. भिंत ३८ आणि हवा ३३ असेल तर ४० वॅट, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या भिंतीतून साडेतीनशे वॅटच्या वर. खोलीत छोटा हीटर चालू आहे असं समजा. उपाय केल्यावर पुढच्या उन्हाळ्यात त्याच वेळी, त्याच ठिकाणी पुन्हा मोजा. फरक एक-दोन अंशांवर आला म्हणजे भिंत काम करायला लागली. चकचकीत ॲल्युमिनियमवर किंवा स्टीलवर हे उपकरण चुकीचा आकडा दाखवतं, तिथे मोजू नका. आणि एकाच भिंतीवर खालपासून वरपर्यंत उपकरण सावकाश फिरवलं की मध्येच दोन-तीन अंश जास्त दाखवणारी जागा सापडते: बहुतेक वेळा तो कॉलम असतो, नाहीतर मागचं भोक बंद न केलेला स्विचबोर्ड.

रोजच्या वागण्यातली एक गोष्ट. पोकळ ब्लॉकची भिंत दुपारी चारची उष्णता रात्री आठ-नऊपर्यंत आत आणते. त्यामुळे सकाळी नवाच्या आत खिडक्या-पडदे बंद, आणि बाहेरची हवा खोलीपेक्षा गार झाल्यावरच, म्हणजे मेमध्ये बरेचदा रात्री नऊनंतर, समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. कूलर चालू असेल तेव्हा मात्र त्याच्या समोरची एक खिडकी चार बोटं उघडी लागतेच. संध्याकाळी भिंतीवर बाहेरून पाणी मारण्याची पद्धत आहे. प्लास्टर धड असेल आणि पाणी मुबलक असेल तर एखाद्या दिवशी चालेल, पण तडे असलेल्या पोकळ ब्लॉकच्या भिंतीवर नको, पाणी भोकात साचतं.

कामाचा काळ ठरवताना उलटा हिशेब करा. बाहेरचं प्लास्टर आणि बोर्डाचं काम दिवाळीनंतर काढा, हिवाळ्यात मसाला सावकाश सुकतो, तडे कमी जातात. चुना मात्र होळीच्या सुमारास. आदल्या दिवशी भिंत धुऊन घ्या, पहिला हात सकाळी लवकर द्या, आणि पश्चिमेच्या भिंतीपासून सुरुवात करा.